घरपोच जेवणाची कंपनी वाढली कशी, आणि १४,८२० रुपयांचे काय झाले

काशीचा भोसले घाट नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधला. वर लक्ष्मीनारायणाचे देऊळ, खाली गंगा, आणि मागे इतक्या अरुंद गल्ल्या की समोरून बैल आला तर माणसाने ओट्यावर चढून वाट द्यावी. इथून थोडे उत्तरेला गेले की पंचगंगा, दुर्गा घाट, ब्रह्मा घाट या बाजूला मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. या गल्ल्यांतही आता लाल टी-शर्ट घातलेला मुलगा पाठीवर चौकोनी पेटी घेऊन येतो. गाडी चौकाच्या बाजूला लावतो, उरलेली वाट पायी तुडवतो, आणि फोन करून विचारतो, "देवळाच्या डावीकडून की उजवीकडून?"

या मुलाच्या पाठीवरच्या पेटीमागे जी कंपनी उभी आहे, तिची वाढ हा आपल्या या पाठाचा विषय. तुम्ही तिचे गिऱ्हाईक असाल, तिच्या शेअरचे मालक असाल किंवा यांपैकी काहीच नसाल, तरी हा पाठ तुमच्यासाठी आहे. का, ते पुढे कळेल.

झोमॅटो २००८ साली दिल्लीत सुरू झाली, तेव्हा तिचे नाव फूडीबे होते आणि ती जेवण पोचवत नव्हती. दीपिंदर गोयल आणि पंकज चढ्ढा हे दोघे एका सल्लागार कंपनीत नोकरीला होते. कचेरीत हॉटेलांची मेनूकार्डे पाहायला लोकांची झुंबड उडते हे पाहून त्यांनी ती कार्डे स्कॅन करून संकेतस्थळावर टाकली. एवढाच धंदा. २०१० मध्ये नाव बदलून झोमॅटो झाले. त्याच वर्षी नोकरी डॉट कॉम चालवणाऱ्या इन्फो एज कंपनीने तिच्यात पाच कोटींपेक्षा थोडे कमी रुपये घातले. जेवण घरपोच द्यायला सुरुवात झाली ती २०१५ मध्ये. जानेवारी २०२० मध्ये तिने उबर ईट्सचा भारतातला धंदा विकत घेतला, तोही रोख न देता, स्वतःचे जवळजवळ दहा टक्के शेअर उबरला देऊन. ऑक्टोबर २०२३ मध्ये रेल्वेच्या आयआरसीटीसीशी करार झाला आणि गाडीत बसल्या जागी जेवण मागवायची सोय पहिल्यांदा ज्या पाच स्थानकांवर झाली, त्यांत वाराणसी होते. मार्च २०२५ पासून मूळ कंपनीचे नाव इटर्नल झाले. झोमॅटो हे नाव जेवणाच्या ॲपला राहिले.

आता नीट लक्ष द्या. कंपनी वाढली असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके काय वाढले हे विचारायची सवय लावून घ्यावी. लोकांनी ॲपवरून मागवलेल्या जेवणाची एकूण किंमत ही एक गोष्ट. त्यातला बहुतेक पैसा हॉटेलवाल्याचा असतो. कंपनीच्या वाट्याला येते ते दलाली, पोचवणावळ, जाहिराती आणि इतर शुल्क, म्हणजे तिचे उत्पन्न. ही दुसरी गोष्ट. आणि सगळा खर्च वजा जाऊन हाती उरतो तो नफा ही तिसरी. बातम्यांत बहुधा पहिली संख्या मोठ्या अक्षरांत छापतात, कारण ती सर्वांत मोठी असते. बचत करणाऱ्याने तिसरी शोधावी.

झोमॅटोचेच पाहा. २०२०-२१ या आर्थिक वर्षात उत्पन्न सुमारे १,९९४ कोटी रुपये, आणि तोटा ८१६ कोटी. पुढच्या वर्षी उत्पन्न दुपटीहून अधिक, सुमारे ४,१९२ कोटी. पण तोटाही वाढून बाराशे कोटींवर गेला. २०२२-२३ मध्ये उत्पन्न ७,०७९ कोटी, तोटा ९७१ कोटी. २०२३-२४ मध्ये उत्पन्न १२,११४ कोटी आणि पहिल्यांदा पूर्ण वर्षाचा नफा, ३५१ कोटी. २०२४-२५ मध्ये उत्पन्न २०,२४३ कोटी, नफा ५२७ कोटी. चार वर्षांत उत्पन्न दहापट झाले. नफा मात्र शंभर रुपयांच्या उत्पन्नामागे तीन रुपयांहूनही कमी. चौकातला कचोरीवाला असा हिशेब ऐकून हसेल, आणि त्याचे हसणे अगदीच चुकीचे नाही.

मग इतकी वर्षे तोटा सोसून धंदा का वाढवायचा? हे एका काल्पनिक हिशेबाने समजून घेऊ. आकडे सोपे घेतले आहेत, ते कुठल्याही कंपनीचे नाहीत. समजा तुम्ही ३०० रुपयांचे जेवण मागवले. कंपनीला हॉटेलकडून ६० रुपये दलाली मिळाली, तुमच्याकडून पोचवणावळ २० आणि वरचे शुल्क १०. एकूण ९० रुपये आले. जेवण पोचवणाऱ्याला ५० द्यावे लागले, तुम्हाला दिलेली सूट १५, पैसे वळते करण्याचा आणि तक्रारी निस्तरण्याचा खर्च १०. गेले ७५. म्हणजे एका ऑर्डरमागे १५ रुपये उरले. आता कंपनीच्या कचेरीचे भाडे, पगार, संगणक हा रोजचा ठरलेला खर्च ३,००० रुपये धरा. दिवसाला १०० ऑर्डर आल्या तर १,५०० उरतात आणि १,५०० खिशातून जातात. २०० आल्या तर बरोबरी. ३०० आल्या तर १,५०० रुपये नफा. ठरलेला खर्च तोच, ऑर्डरी जास्त. म्हणून वाढीमागे धावायचे.

पण याच हिशेबात सूट १५ ऐवजी ४० करून पाहा. खर्च १०० झाला, मिळकत ९०. एका ऑर्डरमागे १० रुपये जातात. आता १०० ऑर्डरींवर १,००० रुपये जातील आणि ३०० ऑर्डरींवर ३,०००, शिवाय कचेरीचा खर्च वेगळाच. इथे वाढ म्हणजे फुटक्या घागरीत जास्त जोराने पाणी ओतणे. दोन्ही कंपन्या बाहेरून सारख्याच दिसतात: दोघींच्याही जाहिराती झळकतात, दोघींचीही मुले गल्लीबोळांत धावतात, दोघींचेही उत्पन्न तिप्पट झाल्याची बातमी येते. फरक दिसतो तो एका ऑर्डरमागे काय उरते यात. भोसले घाटासारख्या ठिकाणी तर हे आणखी अवघड. रुंद रस्त्याच्या वसाहतीत तासाला तीन ऑर्डरी पोचवणारा मुलगा इथे गाडी लावून चालत जाण्यात अर्धा वेळ घालवतो. तेच जेवण, तीच दलाली, पण पोचवण्याचा खर्च वाढलेला. शिवाय हिवाळ्यातले मलइयो डब्यात भरले की बसून जाते. ते कुल्हडात, दुकानासमोर उभे राहूनच खावे लागते. सगळेच काही पेटीत मावत नाही.

मुंबईच्या डबेवाल्यांशी तुलना केल्याशिवाय मराठी वाचकाला राहवणार नाही. महादेव हावजी बच्चे यांनी १८९० मध्ये सुरू केलेली ती व्यवस्था बाहेरच्या भांडवलाशिवाय आणि सुटीच्या कुपनांशिवाय चालली. तिथे गिऱ्हाईक महिन्याचे पैसे देते, रोजचा रस्ता ठरलेला, आणि लोकल गाडीसारखे स्वस्त वाहन हाताशी. करोनात कचेऱ्या बंद झाल्यावर मात्र तिला जबर फटका बसला. म्हणजे तोटा न करता चालणाऱ्या धंद्यालाही धोका असतोच, तो फक्त वेगळ्या दारातून येतो.

आता येऊ १४,८२० रुपयांकडे.

जुलै २०२१ मध्ये झोमॅटोने शेअर बाजारात पहिली विक्री केली. १४ ते १६ जुलै हे तीन दिवस अर्ज घेतले गेले. भाव ७२ ते ७६ रुपये. एकूण ९,३७५ कोटींची विक्री, त्यातले ९,००० कोटी कंपनीत येणार होते आणि ३७५ कोटींचे शेअर इन्फो एज स्वतःच्या वाट्यातून विकणार होती. सामान्य माणसाला कमीत कमी १९५ शेअरसाठी अर्ज करावा लागे. १९५ गुणिले ७६, म्हणजे १४,८२० रुपये. माहितीपत्रकात कंपनीने आपला तोट्याचा इतिहास आहे आणि पुढेही खर्च वाढण्याची शक्यता आहे, असे स्पष्ट सांगितले होते. ते पत्रक शेकडो पानांचे असते आणि फारसे कोणी वाचत नाही. धोक्यांचे प्रकरण तेवढे तरी वाचावे, असे माझे मत आहे. कंपनी स्वतःविरुद्ध लिहिते ती पत्रकातली हीच काय ती जागा.

आणखी एक गोष्ट तेव्हा अनेकांच्या नजरेतून सुटली. ज्या कंपनीला सलग नफ्याचा ठरावीक इतिहास नाही, तिच्या विक्रीत सेबीच्या नियमानुसार तीन-चतुर्थांश वाटा बँका, म्युच्युअल फंड अशा मोठ्या संस्थांसाठी ठेवावा लागतो आणि सामान्य गुंतवणूकदाराला जास्तीत जास्त दहा टक्के. हा कंजूषपणा नव्हे, ही सूचना आहे. पण आपल्याकडे वाटा कमी म्हटला की रांग वाढते. एकूण मागणी उपलब्ध शेअरांच्या सुमारे ३८ पट आली, सामान्यांच्या वाट्यात सुमारे साडेसात पट. अनेकांना एकही शेअर मिळाला नाही. त्यांचे पैसे बुडाले नाहीत, हे मात्र लक्षात घ्या: अर्जाची रक्कम तुमच्याच बँक खात्यात अडवून ठेवलेली असते, शेअर मिळाले तरच कापली जाते.

२३ जुलै २०२१ ला बाजारात पहिल्याच दिवशी भाव सव्वाशेच्या घरात बंद झाला. १४,८२० चे एका दिवसात चोवीस हजारांच्या वर. नोव्हेंबरात भाव १६९ पर्यंत गेला, म्हणजे जवळपास ३३,०००. मग घसरण सुरू झाली. जून २०२२ मध्ये कंपनीने तोट्यातली ब्लिंकिट विकत घेण्याचे ठरवले, ते बाजाराला आवडले नाही. त्याच जुलैच्या २३ तारखेला जुन्या मोठ्या भागधारकांवर असलेली एक वर्षाची विक्रीबंदी उठली आणि पुढच्या काही दिवसांत भाव ४१ च्या आसपास आला. १९५ शेअरांचे आता आठ हजार रुपयेही होत नव्हते. त्याच ऑगस्टमध्ये उबरनेही आपला वाटा ५० रुपयांच्या आसपास विकून टाकला. डिसेंबर २०२४ मध्ये भाव ३०० च्या पुढे गेला. तेच १९५ शेअर आता साडेअठ्ठावन्न हजारांचे.

ही गोष्ट सांगताना बहुतेक लोक पहिला आणि शेवटचा आकडाच सांगतात. १४,८२० चे ५८,५००, चौपट! मधले आठ हजार कोणी सांगत नाही. पण माणूस राहतो तो मधल्याच काळात. त्या काळात घरात आजारपण निघाले, मुलीची फी भरायची वेळ आली, तर आठ हजारांतच शेअर विकावे लागतात.

आणि सगळ्यांनी काही ७६ ला घेतले नव्हते. ज्यांना विक्रीत शेअर मिळाले नाहीत, त्यांतल्या कित्येकांनी नोव्हेंबरात, शेजाऱ्याचा फायदा पाहून, बाजारातून घेतले. समजा एकाने २०,००० रुपयांत १६० च्या भावाने १२५ शेअर घेतले आणि घाबरून ४५ ला विकले. हाती आले ५,६२५. गेले १४,३७५. कंपनी तीच, साल जवळपास तेच, पण याच्यासाठी ही वेगळीच गोष्ट आहे. इथे एक हिशेब पाठ करून ठेवण्याजोगा आहे. भाव १६० वरून ४५ ला येणे म्हणजे सुमारे ७२ टक्के घसरण. पण ४५ वरून पुन्हा १६० ला जायला सुमारे २५५ टक्के वाढ लागते. खाली येण्याची आणि वर जाण्याची टक्केवारी सारखी नसते. पायऱ्या उतरताना आणि चढताना श्वास सारखा लागत नाही, हे घाटावरच्या माणसाला वेगळे सांगायला नको.

शेजारी पोस्टाचे राष्ट्रीय बचत प्रमाणपत्र ठेवून पाहू. जुलै २०२१ मध्ये त्यावर ६.८ टक्के व्याज होते. १४,८०० रुपये घातले असते तर पाच वर्षांच्या मुदतीअंती सुमारे २०,५६४ रुपये मिळाले असते. कमी, पण त्यात मधले आठ हजार नाहीत आणि रात्रीची झोप शाबूत. दोन्हींत चांगले कोणते, हे कोणाच्याही वतीने मी ठरवणार नाही. ज्याच्याकडे सहा महिन्यांच्या घरखर्चाची रक्कम बँकेत वेगळी पडून आहे, विमा आहे, कर्ज नाही, त्याने पाच-सात वर्षे हात न लावता येतील एवढ्या पैशाचे शेअर घेतले तर त्यात वावगे काही नाही. अंगठी गहाण ठेवून अर्ज भरणाऱ्याची गोष्ट वेगळी.

इन्फो एजने २०१० पासून धीर धरला आणि तिचे सोने झाले, हे उदाहरण नेहमी दिले जाते. खरे आहे. पण त्याच कंपनीने इतरही अनेक नव्या उद्योगांत पैसे घातले आणि त्यांतले काही बुडीत धरावे लागले. तिला ते परवडले, कारण मूळ धंदा पैसे देत होता. आपला मूळ धंदा म्हणजे आपला पगार, दुकान किंवा शेती.

भावाची आणखी एक खोड सांगतो. एप्रिल ते जून २०२४ या तिमाहीत कंपनीचा नफा २५३ कोटी होता. वर्षभराने त्याच तिमाहीत तो २५ कोटी झाला, दशांश. निकाल लागल्यावर भाव पडला असेल असे वाटते ना? उलट तो उसळला, कारण ब्लिंकिटचा किराणा घरपोच देण्याचा धंदा किती वेगाने वाढतोय याकडे बाजाराचे लक्ष होते. बाजार आजच्या नफ्याला नव्हे, उद्याच्या अपेक्षेला भाव देतो. अपेक्षा बदलली की भाव बदलतो, कंपनीचे स्वयंपाकघर तेच असते.

तुम्ही म्हणाल, आम्ही शेअर घेतच नाही. तसे नसावे. २३ डिसेंबर २०२४ पासून झोमॅटो सेन्सेक्सच्या तीस कंपन्यांत आहे आणि मार्च २०२५ पासून निफ्टीच्या पन्नासांत. तुमची निर्देशांकावर चालणाऱ्या म्युच्युअल फंडात एसआयपी असेल, तर दर हप्त्यातले काही पैसे या कंपनीत जातात. भविष्य निर्वाह निधीचाही काही भाग निर्देशांकावरच्या फंडांत गुंतवला जातो. म्हणजे कारखान्यात काम करणारा, ॲप कधी न उघडलेला माणूसही तिचा कणभर मालक आहे. अशा रीतीने मालक होणे मला जास्त पटते. एक कंपनी घसरली तरी बाकीच्या एकोणतीस किंवा एकोणपन्नास सोबत असतात.

गिऱ्हाईक म्हणूनही थोडा हिशेब हवा. ऑगस्ट २०२३ मध्ये झोमॅटोने प्रत्येक ऑर्डरवर २ रुपये मंच शुल्क लावले. ते वाढत ऑक्टोबर २०२४ मध्ये १० झाले, सप्टेंबर २०२५ मध्ये १२. एवढ्याशा रकमेचे काय, असे वाटते. समजा देशभरात रोज २० लाख ऑर्डरी असतील, तर एका रुपयाचे वर्षाला ७३ कोटी होतात. २ चे १० केले की ८ रुपयांचे ५८४ कोटी. वर २०२४-२५ चा पूर्ण वर्षाचा नफा दिला आहे, तो ५२७ कोटी. हा नुसता अंदाज आहे, पण तुमच्या बिलातला तो छोटा आकडा कंपनीच्या ताळेबंदात किती वजनदार असतो ते यावरून कळावे. आपण मागे न पाहता जो रुपया सोडतो, तो कोणीतरी मोजत असते.

आपणही मोजू. ॲपवरचा भाव, शुल्क, पोचवणावळ मिळून एका ऑर्डरला दुकानापेक्षा ६० रुपये जास्त पडतात असे धरा, आणि महिन्याला आठ ऑर्डरी. ४८० रुपये झाले. हेच पोस्टाच्या पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीत ६.७ टक्क्यांनी दरमहा टाकले तर मुदतीअंती चौतीस हजारांच्या वर मिळतात. म्हणून बाहेरचे खाऊच नये असे नाही. घरी म्हातारी माणसे असतील, पावसात गंगा पायऱ्या बुडवून वर आली असेल, तर दारात आलेला गरम डबा पैशापेक्षा मोलाचा. फक्त तो सोयीचा खर्च आहे हे वहीत तसे लिहावे, जेवणात मिसळू नये.

एक सावधगिरी. जेवण आले नाही, पैसे परत हवेत, म्हणून लोक इंटरनेटवर ग्राहक सेवेचा नंबर शोधतात आणि ठगाच्या हाती लागतात. तक्रार ॲपमधूनच करावी. पैसे मिळवण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. हॉटेलांना तारे द्या आणि दिवसाला हजार कमवा, असे निरोप येतात. सुरुवातीला दोनशे-तीनशे देऊन मग 'ठेव' मागतात. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या क्रमांकावर कळवा. जितका उशीर, तितके पैसे सापडणे कठीण.

स्वाध्याय: घरातले मागच्या महिन्यातले घरपोच जेवणाचे एक बिल घ्या. त्यातली जेवणाची किंमत, शुल्क, पोचवणावळ आणि कर वेगवेगळे लिहा. मग तेच पदार्थ दुकानात जाऊन घेतले असते तर किती पडले असते ते विचारून या. दोन आकड्यांतल्या फरकाला महिन्याच्या ऑर्डरींनी गुणा. ज्यांनी ७६ ला शेअर घेतले त्यांच्यासाठी वेगळा प्रश्न: जुलै २०२२ मध्ये भाव ४१ असताना तुम्हाला १०,००० रुपयांची तातडीची गरज पडली असती, तर १९५ शेअर विकून किती कमी पडले असते? उत्तर: २,००५ रुपये, दलाली वेगळी.